पेटी, बैलगाडी आणि उंट

1905 साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यात, हेगर्सटाउन गावच्या ग्रंथालयातून दोन घोड्यांची एक गाडी बाहेर पडली. गाडीच्या बाजूंना बाहेरून उघडणारी कपाटं होती आणि कपाटांत पुस्तकं. गाडी हाकायला जोशुआ थॉमस होते. ते याच भागात वाढलेले, ग्रंथालयाच्या इमारतीची देखभाल करणारे. ही गाडी सुरू करणाऱ्या ग्रंथपाल मेरी टिटकॉम्ब यांनी त्याआधी एक सोपा उपाय करून पाहिला होता. खेड्यांतल्या दुकानांत आणि टपाल कचेऱ्यांत त्या पुस्तकांच्या पेट्या ठेवत. लोक किराणा न्यायला येत, तेव्हा पुस्तकही नेत. पण रस्त्यापासून लांब, शेतातच राहणारी कुटुंबं त्या दुकानापर्यंतही क्वचितच येत. त्यांच्यासाठी पेटीला चाकं लावावी लागली.

पहिल्याच दिवसांत एक अडचण आली, ती रस्त्याची नव्हती. गाडी गडद रंगाची होती. ती दारात येताना पाहून एका शेतकऱ्याला वाटलं, ही प्रेतं वाहणारी गाडी आहे. आमच्याकडे थांबू नका, असं त्याने लांबूनच ओरडून सांगितलं. टिटकॉम्ब यांनी चाकांना लाल रंग दिला. 1910 मध्ये रेल्वेचे रूळ ओलांडताना मालगाडीची धडक बसली. गाडीवान वाचला, पुस्तकगाडीचे मात्र तुकडे झाले. सेवा थांबली. 1912 मध्ये ती मोटारीवर पुन्हा सुरू झाली.

टिटकॉम्ब यांच्या या खटपटीत फिरत्या ग्रंथालयाचं सगळं शास्त्र आलं आहे. वाचक येत नाही, याचं उत्तर त्या दर वेळी नव्याने शोधत होत्या. आधी अंतर आड आलं, मग रस्ता, मग अविश्वास. जगभरात उंटावरची, गाढवावरची, होडीतली, चहाच्या टपरीतली ग्रंथालयं आहेत. त्यांची छायाचित्रं पाहून आपल्याला गंमत वाटते. पण उंट गमतीसाठी निवडलेला नसतो. या माणसाच्या आणि पुस्तकाच्या मध्ये नेमकं काय आडवं आलं आहे, हे कोणीतरी शोधलेलं असतं, आणि उंट हे त्याचं उत्तर असतं. या प्रकरणात अशाच काही उत्तरांची ओळख करून घेऊ.

बडोद्याच्या पेट्या

भारतात हा प्रश्न सरकारी पातळीवर पहिल्यांदा नीट विचारला गेला तो बडोदा संस्थानात. सयाजीराव गायकवाड यांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलं शाळेत जाऊ लागली. पण चार इयत्ता शिकलेला मुलगा औताला जुंपला गेला की पुन्हा अक्षर त्याच्या नजरेस पडत नसे. थोड्या वर्षांत शिकलेलं पुसलं जाई. शाळेवर केलेला खर्च टिकवायचा, तर शाळेनंतर वाचायला काहीतरी हवं, हे सयाजीरावांनी ओळखलं.

परदेशच्या दौऱ्यांत त्यांनी अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. 1910 मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात बोलावलं. बॉर्डन जेमतेम तीन वर्षं राहिले, पण त्या अवधीत कामाचा पाया पक्का झाला. महाराजांच्या राजवाड्यातला ग्रंथसंग्रह लोकांसाठी खुला झाला आणि त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. तिथे स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. ग्रंथपाल तयार करण्याचे वर्ग निघाले. गुजराती, मराठी आणि इंग्रजी मजकुराचं ग्रंथालयविषयक नियतकालिकही निघालं. बॉर्डन परतल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी हे काम पुढे नेलं. मोतीभाई अमीन या शिक्षकाने तर सरकारी खातं निघण्याआधीच गावोगाव ‘मित्रमंडळ’ वाचनालयं सुरू केली होती. त्यांचा अनुभवही या कामाला मिळाला.

खेड्यांसाठी बडोद्याने दोन वाटा काढल्या. पहिली वाट स्थायी वाचनालयाची होती. गावाने ठरावीक रक्कम उभी केली की तितकीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तितकीच सरकार देई. गावाचे पैसे आधी गुंतत असल्यामुळे वाचनालय गावाला आपलं वाटे.

दुसरी वाट फिरत्या पेट्यांची. कुलूप लावता येईल अशा मजबूत लाकडी पेटीत निवडक पुस्तकं भरून ती मागणी करणाऱ्या गावाला पाठवली जाई. वाहतुकीचा खर्च सरकारचा. गावातली एखादी जबाबदार व्यक्ती पेटी ताब्यात घेई, पुस्तकं वाटे, परत घेई, आणि मुदत संपली की ती पेटी जाऊन दुसरी येई. पन्नास घरांच्या गावात पाचशे पुस्तकं नेऊन ठेवली, तर वर्षभरात वाचणारे सगळी वाचून बसतात आणि पुढे कपाटावर धूळ साचते. थोडी पुस्तकं आणि ती सतत बदलती, हा हिशेब लहान गावाला बरोबर लागू पडतो.

बडोद्याने याच्याही पुढे एक पाऊल टाकलं. ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्यातच दृश्य शिक्षणाची शाखा काढली. तिची माणसं गावोगाव जाऊन दिव्याच्या यंत्रावर चित्रं आणि चित्रपट दाखवत. निरक्षर माणूस हासुद्धा ग्रंथालयाचा लाभार्थी आहे, ही भूमिका घेणं त्या काळात सोपं नव्हतं.

मन्नारगुडीची बैलगाडी

पुढची गोष्ट तमिळनाडूतली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे शियाळी रामामृत रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांना सुरुवातीला ही नोकरी मुळीच आवडली नाही. तासन्‌तास कोणी येत नसे, करायला काही काम नसे. त्यांना वर्गात परत जायचं होतं. विद्यापीठाने त्यांना ग्रंथालयशास्त्र शिकायला इंग्लंडला पाठवलं आणि तिथे त्यांचं मत पालटलं. तिथली ग्रंथालयं फिरताना त्यांच्या लक्षात आलं की, ही कारखान्याइतकीच चालती संस्था आहे. तिच्यात मुलं येतात, कामगार येतात, गृहिणी येतात, आणि ग्रंथपाल त्या सगळ्यांची वाट पाहत असतो.

1925 मध्ये परतल्यावर त्यांनी मद्रासचं ग्रंथालय बदलायला घेतलं. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. आज जगभरच्या ग्रंथपालांना ती शिकवली जातात. त्यांचा आशय असा, की पुस्तकं जपून ठेवायला नसून वापरायला असतात. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. वाचकाचा वेळ वाचवला पाहिजे. आणि ग्रंथालय ही वाढत जाणारी संस्था आहे.

यातल्या तिसऱ्या सूत्राकडे नीट पाहिलं, तर जबाबदारी कोणावर टाकली आहे ते कळतं. पुस्तकाला वाचक मिळायला हवा असेल, तर तो शोधायचं काम ग्रंथालयाचं आहे. पुस्तक पडून राहिलं, तर ‘लोक वाचतच नाहीत’ असं म्हणून सुटता येत नाही.

पाच सूत्रांचं पुस्तक ज्या वर्षी आलं, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तंजावर भागातल्या मन्नारगुडीजवळच्या मेलवासल या गावी पुस्तकांची बैलगाडी सुरू झाली. कनकसभै पिळ्ळै यांनी तिच्यासाठी पुढाकार घेतला होता. रंगनाथन याच मुलखातले. कावेरीच्या खोऱ्यातली ही भातशेतीची गावं एकमेकांपासून लांब नाहीत, पण पाटापाण्याच्या बांधांवरून जाणाऱ्या वाटा बैलांच्याच सोयीच्या. तिथे मोटारीपेक्षा बैलगाडी बरी. ती बिघडली, तर दुरुस्त करणारा सुतार प्रत्येक गावात असतो, आणि ती दारात आली की कोणी बिचकत नाही. भारतातल्या पहिल्या फिरत्या ग्रंथालयांत तिची गणना होते.

डोंगरातल्या घोडेस्वार

1930 च्या दशकात अमेरिकेत महामंदी आली होती. केंटकी राज्याच्या पूर्वेकडच्या डोंगरांत हालत सगळ्यांत वाईट होती. कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या, रस्ते जवळजवळ नाहीत, वस्त्या ओढ्यांच्या काठाने विखुरलेल्या. अक्षरओळख नसलेल्या प्रौढांचं प्रमाण मोठं होतं. 1935 मध्ये केंद्र सरकारने बेकारांना काम देणारी मोठी योजना सुरू केली आणि तिच्यातून घोड्यावरची ग्रंथालयं निघाली.

घोड्यावर बसून पुस्तकं पोचवणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. पगार महिन्याला 28 डॉलरच्या आसपास. घोडा किंवा खेचर स्वतःचं आणायचं किंवा भाड्याने घ्यायचं. वाट बहुधा ओढ्याच्या पात्रातूनच जाई. हिवाळ्यात पाय रिकिबीत गोठत. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या घरी पोचणं हा त्यांचा शब्द होता. पंधरवड्यातून एकदा त्या येत, मागची पुस्तकं घेत आणि नवी देत.

सरकार पगार देई, पुस्तकं मात्र देत नसे. ती लोकांकडून मागून आणावी लागत. शाळांच्या पालक संघटनांनी वर्गणी काढली, शहरांतून जुनी पुस्तकं आणि मासिकं आली. मासिकं फाटत, तेव्हा या बायकांनी त्यांची पानं कापून जाड कागदांवर चिकटवायला सुरुवात केली. त्यांत पाककृती असत, गोधड्यांचे नमुने असत, घरगुती उपाय असत, गोष्टी असत. वाचक स्वतःकडच्या पाककृती आणि शिवणाचे नमुने लिहून देत, त्यांचीही चिकटवही होई आणि ती पुढच्या दरीत जाई. एका ओढ्याकाठच्या बाईचं ज्ञान दुसऱ्या ओढ्याकाठी पोचू लागलं. ज्यांच्यासाठी ग्रंथालय काढलं होतं, तेच त्याचे लेखक झाले.

इथेही अविश्वास आडवा आलाच. डोंगरातले लोक बाहेरच्या माणसाला लवकर घरात घेत नसत. म्हणून या कामावर त्याच भागातल्या बायका नेमल्या गेल्या. त्या उंबऱ्यापाशी थांबून बायबलमधला एखादा उतारा वाचून दाखवत. तो लोकांच्या कानावरचा असे, त्यामुळे वाचणारीबद्दल भरवसा वाटे. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना त्या वाचून दाखवत. काही वर्षांत या घोड्यांच्या वाटेवर सुमारे एक लाख माणसं आली. मार्क ट्वेन आणि ‘रॉबिन्सन क्रूसो’ यांना चांगली मागणी असे.

1943 मध्ये हे सगळं थांबलं. युद्धामुळे बेकारी संपली होती, म्हणून बेकारांना काम देणारी योजनाही गुंडाळली गेली. वाचकांची गरज संपली नव्हती. पण पगार ज्या खात्यातून येत होता, ते खातं बेकारीसाठी होतं, वाचनासाठी नव्हतं.

उंट आणि गाढवं

केनियाच्या ईशान्येला गारिस्सा हा वाळवंटी भाग आहे. तिथले सोमाली पशुपालक चारा-पाण्यामागे फिरतात. आज इथे, दोन महिन्यांनी तिथे. अशा माणसांसाठी इमारत कुठे बांधणार? वाळूत मोटारही रुतते. 1996 मध्ये केनियाच्या राष्ट्रीय ग्रंथालय सेवेने तीन उंट घेऊन काम सुरू केलं. एका उंटावर पुस्तकांच्या पेट्या, एकावर तंबू आणि चटया, आणि तांड्यासोबत ग्रंथालयाचे कर्मचारी. ठरलेल्या जागी तंबू उभा राही, पेट्या उघडत, मुलं चटयांवर बसून पुस्तकं निवडत, आणि दोन आठवड्यांनी तांडा परत येई.

उंटच का, याचं कारण त्या लोकांच्या जगण्यातच आहे. त्यांच्या घरांचं सामान उंटावरून हलतं. उंटाला कुठली वाट चालते, किती पाणी लागतं, आजारी पडला तर काय करायचं, हे तिथल्या मुलालाही ठाऊक असतं. ग्रंथालयाने त्यांचं वाहन घेतलं आणि त्यांची चालही घेतली. 2020 मध्ये, करोनाकाळात शाळा बंद असताना, पाकिस्तानात बलुचिस्तानच्या केच भागातही एका उंटावर मुलांची पुस्तकं फिरू लागली. त्या उंटाचं नाव रोशन.

कोलंबियात हेच काम गाढवांनी केलं. मग्दालेना प्रांतातल्या ला ग्लोरिया गावी लुईस सोरियानो हे शिक्षक आहेत. गृहपाठ दिला की मुलं तो न करताच येत, कारण घरात एकही पुस्तक नसे. 1990 च्या दशकाच्या अखेरीला त्यांनी आपली सत्तर पुस्तकं अल्फा आणि बेतो या दोन गाढवांवर लादली आणि शनिवार-रविवारी डोंगरातल्या वस्त्यांवर जायला सुरुवात केली. देशात तेव्हा सशस्त्र टोळ्यांचा संघर्ष चालू होता. एकदा लुटारूंनी त्यांना अडवलं, पैसे सापडले नाहीत म्हणून झाडाला बांधलं आणि एक कादंबरी घेऊन निघून गेले.

एका कादंबरीतले उतारे रेडिओवर ऐकून सोरियानो यांनी तिच्या लेखकाला, हुआन गोसाइन या पत्रकाराला, एक प्रत मागणारं पत्र लिहिलं. गोसाइन यांनी ही हकिकत आपल्या कार्यक्रमात सांगितली आणि देशभरातून पुस्तकांचे गठ्ठे येऊ लागले. सत्तरांची हजारो झाली. 2012 मध्ये अपघातात सोरियानो यांना एक पाय गमवावा लागला. कृत्रिम पाय लावून ते पुन्हा वाटेला लागले.

हात कामात असतात तेव्हा

आतापर्यंतच्या सगळ्या गोष्टींत अंतर आडवं होतं. पण पुस्तक हाताशी असूनही हात रिकामे नसतील तर? दिवसाचे दहा तास कामावर बसणाऱ्या माणसाने कधी वाचायचं?

क्युबातल्या सिगार कामगारांनी 1865 मध्ये यावर एक उत्तर काढलं. हवानातल्या ‘एल फिगारो’ कारखान्यात कामगार तंबाखूची पानं वळत असताना एक जण उंच आसनावर बसून मोठ्याने वाचू लागला. त्याचे पैसे कामगार आपल्या मजुरीतून देत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणती कादंबरी, हेही कामगारच ठरवत. सरकारला ही गोष्ट धोक्याची वाटली आणि वर्षभरात तिच्यावर बंदी आली. पण प्रथा पुन्हा पुन्हा उभी राहिली आणि आजही क्युबात वाचक नावाचा कामगार कारखान्यात नेमलेला असतो. ‘मॉन्टे क्रिस्टो’ हे जगप्रसिद्ध सिगारचं नाव कारखान्यांत वाचल्या जाणाऱ्या अलेक्झांडर द्यूमा यांच्या कादंबरीवरून आलं आहे.

क्युबापासून इतक्या दूर, केरळच्या कण्णूर भागातल्या विडी कामगारांनीही अशीच पद्धत रुजवली. एक जण वाचणार, बाकीचे ऐकत विड्या वळणार, आणि वाचणाऱ्याची मजुरी बुडू नये म्हणून प्रत्येक जण आपल्यातल्या काही विड्या त्याच्या वाट्याला देणार. वर्तमानपत्रं, कादंबऱ्या, राजकीय लेख असं सगळं वाचलं जाई आणि त्यावर वाद होत. शाळेचं तोंड न पाहिलेली माणसं या बाकांवर बसून जगाच्या घडामोडींवर मत देऊ लागली. इथे ग्रंथालयाला इमारतही लागली नाही आणि वाहनही. एका वाचणाऱ्याची मजुरी सगळ्यांनी मिळून उचलली, एवढंच.

चहाच्या दुकानातली पोती

केरळमधलंच इडमलक्कुडी हे इडुक्की जिल्ह्यातल्या दाट जंगलातलं गाव. मुतुवन आदिवासींच्या विखुरलेल्या वस्त्यांची ही पंचायत. तिथे पी. व्ही. चिन्नतंबी या वृद्ध गृहस्थांचं मातीच्या भिंतींचं चहाचं दुकान होतं. चहा, बिस्किटं, काडेपेट्या आणि थोडा किराणा. 2014 मध्ये पत्रकार पी. साईनाथ तिथे पोचले, तेव्हा चिन्नतंबींनी दोन पोती उघडली. त्यांतून निघाली 160 पुस्तकं. बशीर, एम. टी. वासुदेवन नायर, कमला दास, आणि ‘शिलप्पदिकारम’ या तमिळ महाकाव्याचा मल्याळम अनुवाद.

हे रीतसर ग्रंथालय होतं. सभासदत्वाचे एकदाच 25 रुपये, मग महिन्याला 2 रुपये. कोणी काय नेलं आणि कधी आणलं, याची वही होती. 2013 या वर्षात 37 वेळा पुस्तकं नेली गेल्याची नोंद तिच्यात होती. शहरातल्या ग्रंथपालाला हा आकडा लहान वाटेल. पण पुस्तकं 160 आणि वस्त्या जंगलात विखुरलेल्या, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. चहा प्यायला, मीठ-काडेपेटी घ्यायला माणूस येतोच. मेरी टिटकॉम्ब यांच्या सुरुवातीच्या पेट्याही अशाच दुकानांत ठेवलेल्या असत.

नाशिकची पेटी, भिलारची घरं

महाराष्ट्रात 2009 मध्ये नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. विनायक रानडे यांनी तो उभा केला. एका पेटीत शंभर निवडक पुस्तकं. एखादी सोसायटी, गल्ली किंवा कार्यालय यांतल्या तीस-पस्तीस वाचकांचा गट ती घेतो, गटातलं कोणीतरी तिची जबाबदारी स्वीकारतं, आणि काही महिन्यांनी ती पेटी पुढच्या गटाकडे जाऊन वेगळी पेटी इकडे येते. वाचकाला वर्गणी नाही. पैसा देणगीदारांचा. कोणी वाढदिवसाला पेटी देतं, कोणी आईवडिलांच्या स्मरणार्थ. या पेट्या तुरुंगांत गेल्या, दवाखान्यांत गेल्या, आणि दुबईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या मराठी कुटुंबांपर्यंतही पोचल्या. परदेशातल्या मराठी माणसाची अडचण वेगळी असते. तिथे सार्वजनिक ग्रंथालय उत्तम असतं, पण त्यात मराठी पुस्तक नसतं.

बडोद्याची पेटी आणि नाशिकची पेटी यांच्यामध्ये जवळपास शंभर वर्षं आहेत. हिशेब मात्र तोच आहे. थोडी पुस्तकं, सतत बदलती, आणि ओळखीच्या माणसाच्या हाती.

सातारा जिल्ह्यातल्या भिलारने उलट वाट धरली. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं हे स्ट्रॉबेरीचं गाव 4 मे 2017 रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. ब्रिटनमधल्या हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. पण हे-ऑन-वाय हा जुन्या पुस्तकांचा बाजार आहे. भिलारला पुस्तकं विकली जात नाहीत, तिथे बसून वाचायची असतात. गावातल्या घरांनी आपल्या खोल्या दिल्या. कुठे कविता, कुठे इतिहास, कुठे बालसाहित्य, अशी मांडणी आहे. स्ट्रॉबेरी खायला आलेला पर्यटक एखाद्याच्या ओसरीवर चरित्र वाचत बसतो, आणि घरमालकीण त्याला पाणी आणून देते.

टिकतं ते कशामुळे

या सगळ्या गोष्टी एकत्र ठेवल्या की त्यांचा शेवटही पाहावा लागतो. केंटकीत घोड्यांच्या योजनेच्या आधी, 1913 मध्ये, एका धनिकाच्या पैशावर असंच ग्रंथालय निघालं होतं. वर्षभरात तो वारला आणि ते बंद पडलं. नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये ‘एपोस’ ही पुस्तकांची बोट अनेक दशकं बेटाबेटांवर जात होती. 2020 मध्ये अनुदान थांबलं आणि बोटही थांबली. एका माणसाच्या जिवावर चाललेलं काम त्या माणसाच्या तब्येतीइतकंच टिकतं.

टिकलेल्या कामांत मला तीन गोष्टी दिसतात. पुस्तक घेऊन येणारा माणूस त्याच भागातला असतो. ग्रंथालयाने वाचकाचं वेळापत्रक स्वीकारलेलं असतं. आणि तिसरी, सगळ्यांत कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे त्या माणसाच्या मजुरीची तरतूद केलेली असते. कण्णूरच्या कामगारांनी ती विड्यांत केली, बडोद्याने तीन वाट्यांत केली. पुस्तकं दान मिळतात. पुस्तकं पोचवणाऱ्या माणसाचे दिवस दान मिळत नाहीत, आणि मिळाले तरी फार काळ मिळू नयेत.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 पासून आहे आणि शासनमान्य ग्रंथालयांची संख्या हजारोंत आहे. तरीही दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, त्यांच्यासोबत त्यांची मुलं निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उसाच्या फडात आणि कोप्यांत राहतात. कारखाना बदलतो, फड बदलतो. मुलाचं नाव गावच्या शाळेत असतं आणि मूल दुसऱ्याच जिल्ह्यात. गारिस्साच्या पशुपालकांपुढे जो प्रश्न होता, तोच आपल्या दारात उभा आहे.

त्याचं उत्तरही आपल्याला माहीत आहे. टोळी निघते तेव्हा तिच्या ट्रॅक्टरवर पन्नास पुस्तकांची एक पेटी चढवायची. टोळीतल्या दहावी-बारावी झालेल्या एखाद्या मुलीला तिची वही सांभाळायला आणि संध्याकाळी मुलांना वाचून दाखवायला नेमायचं, आणि त्याचा तिला रीतसर पगार द्यायचा. महिन्याभराने कारखान्याजवळच्या ग्रंथालयाने पेटी बदलून द्यायची. यात नवा शोध काही नाही. बडोद्याने हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी केलं आहे, नाशिक आजही करतं आहे. अडलं आहे ते अंदाजपत्रकातल्या एका ओळीपाशी, आणि ती ओळ लिहिता येते.